अशी तक्रार पहिलीच

अण्णा, गेल्या आठवड्यात फोनवर मला तुमचं वाक्य ऐकू आलं. बोलणारा माणूस दुसराच, गाडीच्या कंपनीतला कोणी मोठा साहेब, पण वाक्य तुमचं होतं आणि त्याच्याआधी थांबणंही तुमचंच. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, अंधेरीला तुमच्या कंपनीच्या जागी काचेची इमारत उभी राहिली, तरी ते वाक्य अजून नोकरीला आहे बघा. मी फोन कानाला लावून तशीच उभी. तुमच्या जावयांनी खुणेने विचारलं, कोण गेलं? इतका माझा चेहरा उतरला असणार.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, आधी मुद्द्यावर ये. आम्ही गाडी घेतली होती. लहानशीच, लाल, पण नवी कोरी. तुम्ही असता तर रंग वगैरे राहू दे, पहिलं विचारलं असतंत की मुलुंडला ती उभी कुठे करणार. चालवते मीच. तुमचे जावई बाजूला बसून नसलेला ब्रेक दाबत असतात. त्या दिवशी मात्र बाजूला तुमची नात होती, तिला अंधेरीला तिच्या ऑफिसला सोडून मी पुढे जाणार होते. पवई मागे टाकली, लिंक रोड जरा मोकळा मिळाला म्हणून मी वेग घेतला, आणि बॉनेट थरथरायला लागलं. मला वाटलं, वारा असेल. ती म्हणाली, "आई, ते हलतंय," आणि तिचं बोलणं पुरं होतंय तोवर अख्खं बॉनेट उचकटून वर आलं आणि काचेवर आदळलं. समोरचं सगळं गेलं अण्णा. रस्ता नाही, गाड्या नाहीत, नुसता लाल पत्रा. मागून हॉर्न, कोणीतरी ओरडतंय, आणि गाडी तर चालूच आहे. मी बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि दुभाजकाकडे बघत बघत त्याला लागून कशीबशी थांबवली. मागचा टेम्पो आमच्याजवळ हातभर अंतरावर थांबला. त्याचा ड्रायव्हर शिव्या द्यायला म्हणून उतरला, आणि आम्हाला बघून शिव्या न देता पाण्याची बाटली घेऊन आला. काच नातीच्या बाजूने तडकली होती. तिच्या केसांत बारीक चुरा पडला होता, तो मी वेचत होते आणि तीच मला म्हणत होती, "मी ठीक आहे गं, तू आधी बस बघू."

सर्व्हिस सेंटरला गाडी ओढून नेली. एसी, सोफा, कॉफीचं मशीन, सगळं झकास. तिथल्या माणसाने गाडीकडे न बघताच सांगितलं की मॅडम, तुम्ही बॉनेट नीट लावलं नसेल. मी म्हटलं, अहो, मला ते उघडतात कसं हेही माहीत नाही, शेवटचं उघडलं ते तुमच्याच लोकांनी, सर्व्हिसिंगला. मग म्हणाला, लेडीज असल्या की कधी कधी डॅशबोर्डखालचा खटका चुकून पायाने ओढला जातो. पायाने! मी त्याला म्हटलं, माझा पाय तिथपर्यंत नेऊन दाखव, मी गाडी तुला देऊन टाकते. तर हसला. लॉकला तेल घातलं, दोनदा आपटून दाखवलं, ओके म्हणाला. मी ऐकेना. पैसे घ्या पण लॉक नवीन बसवा म्हणून अडून बसले, तेव्हा नवीन बसवला. काय उपयोग? नवीनही त्याच साच्यातून निघालेला. बोरिवलीला एका बारशाला जाताना हायवेवर तो परत सुटला. आतल्या दुसऱ्या आकड्याने धरून ठेवलं म्हणून वाचलो, पण बॉनेट बोटभर वर येऊन तोंड उघडल्यासारखं हलत होतं. तुमचे जावई तेव्हापासून गाडीत बसत नाहीत. मी खाली गेले की ती उभी दिसते आणि मी तिला वळसा घालून जाते.

मग टोल-फ्री नंबर. गाणं वाजतं, आपला कॉल महत्त्वाचा आहे म्हणतात, परत गाणं. मेल केला तर उत्तर आलं की तपासणीत दोष आढळला नाही. मीही तुमचीच मुलगी, सोडते कशाला. भांडून भांडून शेवटी त्या मोठ्या साहेबाचा फोन आला. मराठी माणूस, वयाने माझ्याएवढा असेल, बोलणं अगदी मऊ. एक सर्व्हिसिंग फुकट देतो म्हणाला. मी म्हटलं, ते राहू द्या, मला एकच सांगा, असं अजून कोणाचं झालंय का? तो थांबला. फार नाही, आवंढा गिळण्याइतकाच. आणि म्हणाला, "नाही मॅडम, अशी तक्रार आमच्याकडे पहिलीच."

तुम्हाला आठवतं का, हे वाक्य आपल्या घरात किती लाडकं होतं? घाटकोपरच्या त्या दोन खोल्या, मोरीच्या वर टांगलेला आरसा, तुम्ही दाढी करताय, अर्ध्या गालाला साबण, आणि आरशाला सांगताय, अशी तक्रार आमच्याकडे पहिलीच. एकदा मराठीत, एकदा हिंदीत, एकदा इंग्रजीत. तुम्हाला नुकतंच तक्रारींच्या टेबलावर बसवलं होतं आणि मिक्सरच्या कंपनीत फोनवर बोलायचं कसं ते साहेबांनी शिकवलं होतं. आम्हा भावंडांना ते पाठ झालं. आई म्हणायची आमटीला मीठ कोणी दोनदा घातलं, की आम्ही दोघं एका सुरात, अशी तक्रार पहिलीच. तुम्ही पण हसायचात. आई तेवढी चिडायची, कारण मीठ तिनेच घातलेलं असायचं.

मग तो शनिवार. शाळा सकाळची, आई माहेरी कोणाला बघायला गेलेली, म्हणून मी तुमच्या ऑफिसात. तुमच्या टेबलाशेजारी स्टूल, माझ्या हातात गोळ्यांची पुडी, फोन वाजतोय, पलीकडचा चढा आवाज मलाही ऐकू येतोय आणि तुम्ही प्रत्येकाला तेच सांगताय. मला मज्जा वाटतेय, मी ओठ हलवत तुमच्याबरोबर म्हणतेय. तेवढ्यात एक बाई येते. आईच्याच वयाची, साधी. उजवा हात पदराखाली. ती तो बाहेर काढून टेबलावर ठेवते, बॅंडेज केलेला, आणि सांगते की मिक्सर चालू असताना भांड्याचा लॉक सुटला, भांडं उडालं आणि पातं हातावर आलं. ती ओरडत नाही की रडत नाही. तिला पैसेही नको आहेत. ती एवढंच विचारते, "दादा, असं आणखी कोणाचं झालंय का? माझीच काही चूक झाली का, ते सांगा." तुम्ही तिच्या हाताकडे बघता. थांबता. आणि सांगता, "नाही बाई, अशी तक्रार आमच्याकडे पहिलीच." तिने मान हलवली, म्हणाली मग माझंच चुकलं असेल, आणि हात परत पदराखाली घेऊन गेली.

बसमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं, अण्णा, मगाशी फोनवरच्या काकांचं पण भांडंच उडालं होतं ना? मग ही पहिली कशी? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "असल्या गोष्टी ध्यानात ठेवायच्या नसतात." मारलं नाहीत, ओरडला नाहीत, पण तुमचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्यानंतर घरात त्या वाक्याची गंमत बंद झाली. मी एकदा बोलून बघितलं, तर तुम्ही ताटातून वर न बघता म्हणालात, पुरे.

त्या दिवाळीला कंपनीने सगळ्यांना एकेक मिक्सर भेट दिला. आई हरखली. पाट्यावर वाटून वाटून तिचा खांदा गेला होता. तुम्ही खोका उघडूच दिला नाहीत, तसाच माळ्यावर टाकलात. म्हणे पाट्यावरच्या वाटणाची चव मिक्सरला नाही. आईने तुम्हाला चिक्कू म्हणून घेतलं, सासूपासून सगळ्यांचा उद्धार केला, तरी खोका खाली आला नाही. शेवटी तीही हट्टाला पेटली. वाकोल्याच्या तिच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, तुम्हाला रजा नव्हती, तर तिने माळ्यावरून खोका काढला आणि आहेरात देऊन आली.

रात्री जेवताना तिने ते मुद्दाम सांगितलं, तुमची जिरवायला. मला अजून दिसतं, तुमचा घास हातात आहे. तो तुम्ही ताटात ठेवला आणि उठलात. हातही नीट धुतला नाहीत, पंच्याला पुसलात. फळीवरचा नवा कुकर उतरवलात, माझ्या बखोटीला धरलंत, चल म्हणालात. दोन बसेस बदलून आपण वाकोल्याला गेलो. मांडव अजून उतरवलेला नव्हता. सगळ्या पाहुण्यांसमोर तुम्ही कुकर पुढे केलात आणि म्हणालात, ताई, तो मिक्सर चुकून दिला गेला, तो परत द्या आणि हा ठेवा. मावशी बघतच राहिली. मग आतून खोका आणून तुमच्या पायाशी ठेवला आणि म्हणाली, "दिलेला आहेर परत नेणारे तुम्ही पहिलेच बघितले." लोक हसले. तुम्ही खोका उचललात. मी तुमच्या सदऱ्याला धरून उभी होते आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. घरी आई रडून रडून तिच्या मालवणी वळणात एकच म्हणत होती, "आता लोकांक काय तोंड दाखवू मी?" मावशी आईशी मरेपर्यंत बोलली नाही.

मी तुमच्यावर फार रागावलेय अण्णा, आणि हे सांगायला तुम्ही नाही आहात याचाही राग येतो. तुम्ही वाकोल्यालासुद्धा खरं सांगितलं नाहीत. मिक्सरचा लॉक सुटतो एवढे तीन शब्द बोलला असतात तर आईची बहीण तुटली नसती. नोकरी गेली असती, कळतं मला, आमच्या शाळा होत्या, घरभाडं होतं. पण मग तो पदराखालचा हात कुठे ठेवू? तिला तुम्ही ती चुकली म्हणून घरी पाठवलंत. आणि नात्यातल्या पोरीसाठी मात्र जेवण टाकून धावलात. मोठी झाल्यावर मला वाटायचं, मी तुमच्या जागी असते तर सांगून टाकलं असतं. त्या साहेबाचा फोन ठेवला तेव्हाही मला हेच वाटत होतं. त्याला मी मनात इतकं धुतलं, इतकं धुतलं की विचारू नका.

आता पुढचं ऐका. कंपनी गाडी परत घेत नाही. म्हणून आम्ही ती विकायला काढली. आमच्याच बिल्डिंगमधली, दोन मजले खाली राहणारी मुलगी घेतेय. तिचे वडील नाहीत, ती आणि आई दोघीच. नुकतंच लायसन्स मिळालंय, आईचे गुडघे गेलेत, तिला रिक्षात चढवणं म्हणजे रोजची कसरत. घोडबंदरवरून आईला पहिल्यांदा गोराईचा समुद्र दाखवायला नेणार म्हणाली. आई पुढे बसेल, तिला मागे पाय ठेवता येत नाहीत. परवा मी खाली गाडीपाशी होते, तिथे दोघी पेढे घेऊन आल्या. मुलीने गाडीवरून हात फिरवला, मग जरा लाजून मला विचारलं, "काकू, गाडीला काही प्रॉब्लेम नाहीये ना? आईला न्यायचंय म्हणून विचारते."

मी थांबले. फार नाही. आणि म्हणाले, "नाही गं. आमची तर कधी काही तक्रारच नाही."

किती सहज आलं तोंडात. शिकवायलाही लागलं नाही. पेढाही खाल्ला मी त्यांच्यासमोर. वर आल्यावर नातीने विचारलं, आई, तू तिला सांगितलंस ना ते बॉनेटचं? मी म्हटलं, सांगते. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तुमच्याकडे बसमध्ये बघत होते तशी. आज रविवार. उद्या सकाळी त्या चावी न्यायला येणार आहेत, गाडीला घालायला हार सांगितलाय म्हणाल्या. दुपारची जेवणं झाली, भांडी घासून झाली, आणि दोन जिने उतरायचे सोडून मी इथे तुम्हाला लिहीत बसलेय, ज्यांना ते कधी पोचणारच नाही त्यांना.

तुम्ही भरल्या ताटावरून उठला होतात, अण्णा, आणि दोन बसेस बदलल्या होत्यात. चावी इथे माझ्यासमोर टेबलावर आहे. मी अजून उठलेली नाही.