हळद घातलेला साबण

विटा, १९७६

२० सप्टेंबर. सकाळी.
घाण्याचा बैल कोंडीबाच्या हवाली केला. करडई आता सगळी गिरणीत जाते, रिकामा घाणा फिरवून काय करायचं? कोंडीबा मेंढरंवाला, पण यंदा शेतीही धरलीय. त्याला बैल हवाच होता. जाताना बैल मागं बघत होता. मी बघितलं नाही.
आपला कान तिखट. परवा एस.टी. स्टँडवर दोन बायका बोलत होत्या, साबणात म्हणे चरबी असते. तिथंच ठरवलं. शुद्ध वनस्पती साबण! खोबरेल, एरंडेल, करंजाचं तेल, कडुनिंब. सांगलीचे व्यापारी मानसिंगराव म्हणाले, दिवाळीच्या अंघोळीला तुमच्या आळीला वापरू द्या, आळी खूश तर एजन्सी घेतो. म्हणजे काम झालंच.

२ ऑक्टोबर.
खोबरेल महाग, म्हणून एरंडेल सढळ घातलं. साबण बसेना. ही म्हणाली, आवं, ह्यो लावायचा का वाटीत वाढायचा? दोष हवेचा.

९ ऑक्टोबर.
खोबरेल वाढवलं, कॉस्टिक सोडाही वाढवला. बसला! करंजाचा वास थोडा येतो. ही म्हणते, ह्या वासानं देव देव्हाऱ्यातनं उठून जातील. बायकांना शास्त्र कळत नाही.

१२ ऑक्टोबर. दुपारी.
उटण्यात हळद चालते, मग साबणात का नको? शेरभर ओतली. पिवळाधमक व्हायचा, तो बघता बघता लालभडक. ही हसून हसून खाली बसली. हळदीत चुना पडला की कुंकू हुतं, आवं, शेंबड्या पोरीला ठावं हाय. तुमच्या कॉस्टिकनं दुसरं काय हुनार? म्हटलं, मला लालच हवा होता. सांगलीत लाल लय खपतो.

१४ ऑक्टोबर.
वड्या कापल्या. प्रत्येकीवर आपल्या नावाचा शिक्का. कॉलेजातले मास्तर म्हणाले, महिनाभर सुकवा, नाहीतर कॉस्टिक अंगाला चावेल. दिवाळी आठ दिवसांवर! मास्तरांना धंदा कळत नाही.

२२ ऑक्टोबर. नरक चतुर्दशी, पहाटे.
चाळीस घरी वड्या पोचल्या. कान देऊन बसलोय. आळीत आरडाओरडा चाललाय. आनंदाचाच असावा.

तोच दिवस, ९ वाजता.
आनंदाचा नव्हता. अंग चुरचुरतंय म्हणून निम्मी आळी पुन्हा आडावर. शेजारचे रिटायर्ड हवालदार हंबीरराव पंचा गुंडाळून थेट दारात. पंचा लाल, पांढऱ्या मिशा लाल. म्हणाले, पासष्टच्या लढाईत रगत आलं न्हाई, ते तुज्या साबनानं काढलं रं! त्यांच्या मालकीणबाई मागून ओरडल्या, ओवाळायचं कसं, कुंकू लावाय जागाच न्हाई!
मानसिंगराव तेवढ्यात आले. मिशा बघितल्या. चहा न घेताच गेले. घाईत असतील. एजन्सीचं पत्र येईल.

३० ऑक्टोबर.
पत्र नाही. पोस्टाचा घोळ.

४ नोव्हेंबर.
कोंडीबा आला. म्हणाला, गड्या, मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळत्यात, खुणंला रंग लागतुय. तुजी वडी घासून बघितली, जाता जात न्हाई. वर गोचिड बी पळालं! सगळ्या वड्या दे, तुजा बैल घे. नाही तरी ह्यो नांगराला धरला की गोलच फिरतुय.
सौदा केला. प्रत्येक धंद्याला सुरुवात लागते.

५ नोव्हेंबर. सकाळी.
बैल आला. कोंडीबानं वडी आधी त्याच्यावरच घासून बघितलेली, कुशीवर हा लाल पट्टा. दावं सोडलं तर आपोआप घाण्याभोवती फिरायला लागला. जू नाही, करडई नाही, तरी.
जनावर शहाणं. थोडा वेळ मीही मागनं चाललो.