कड्यावरचं घर बंद केलं

प्रिय सिनोवे,

फोनवर तू मध्येच "बरं, मी येते" म्हणतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहिते.

कड्यावरचं घर मी बंद केलं. सप्टेंबरात शेळ्या खाली आणताना शिडीच्या वाटेवर गुडघ्यानं दगा दिला. पडले नाही, खाली बसले, पण उठता येईना. खाली फ्योर्डच्या खाडीत पर्यटकांची बोट थांबली होती, माणसं आपल्या घराचे फोटो काढत होती. मी हात हलवले. त्यांनीही हलवले. बोट निघून गेली. दुपारी शेजारचा ऑडमुन माशांची जाळी काढायला आला, त्याला वाटेवर खोळंबलेल्या शेळ्या दिसल्या आणि तो वर चढला. सत्तरीचा माणूस, त्यानं मला पाठीवर घेऊन उतरवलं. होडीत बसवलं. मग म्हणाला, "तोरबियर्ग, पुढच्या खेपेला मला नाही जमायचं."

शेळ्या आता त्याच्याकडेच आहेत. मी धक्क्याजवळ दोन खोल्यांत राहते. पहिले आठ दिवस नुसती झोपले. जुन्या घरांचा वारसा जपणारी मंडळी गवती छपरावर नवी हिरवळ घालणार, वाटेला साखळी लावणार म्हणे. लावू देत. उतारावरचं गवत कापून तारांवर वाळवायचं, हिमलोट आला की गोठा पुन्हा उभा करायचा, हे चाळीस वर्षं केलं. लोकांना ते घर सुंदर दिसतं. मला ते बघितलं की पाय दुखतात.

सामान हलवायला तुझा एइविंद आला होता. चीज आटवायची कढई उतरवताना तुझा नवरा बोलून गेला, की उत्तरेकडच्या ट्रोम्सोच्या हॉस्पिटलातली नोकरी तू दोनदा नाकारलीस. आई एकटी आहे म्हणून. त्याला रागावू नकोस.

पण कारण ते नाही, सिनोवे. बाबा गेले त्या सकाळी त्यांनी तुझा हात धरून, हे शेत सोडून लांब जाणार नाही असं तुझ्याकडून वदवून घेतलं, तेव्हा मी दाराशी दुधाची बादली घेऊन उभी होते. तू एकोणीस वर्षांची होतीस. मी आत यायला हवं होतं. आले नाही, कारण तू जवळ राहावीस असं मलाही वाटत होतं. एवढं कबूल करायला मला सोळा वर्षं लागली. शेतावर थोरल्या अपत्याचा, म्हणजे तुझा, हक्क असतो, तो सोडल्याचा कागद सोबत पाठवते आहे. सही कर आणि उत्तरेला जा. बाबांना काय सांगायचं ते माझं मी बघेन.

दमलेली, पण तुझीच,
आई