वेगळ्या पातेल्यातला दुधी

आबा,

डॉक्टरांनी मीठ-तेल तोडलं आणि घरच्यांनी ताटच वेगळं केलं, ही तुम्हा सगळ्या हृदयरोग्यांची जुनी तक्रार. तुम्ही होता तेव्हा मला ते निव्वळ जिभेचे चोचले वाटायचे. गावोगावच्या सभांत मी पथ्यपाण्यावर गरजायचे, टाळ्या घ्यायचे आणि कवठ्याला घरी आले की तुमच्यापुढं हरायचे.

एक दुपार डोळ्यांपुढून हलत नाही. चुलीवर आमचं कालवण रटरटतंय, शेजारी लहान पातेल्यात तुमचा अळणी दुधी. आई तुम्हाला सगळ्यांच्या आधी, एकट्याला वाढते. तुम्ही ताट सरकवता. "मी काय सुतकात हाय का, येगळं वाढाया?" मी पुस्तकातलं सांगू लागते, तुम्ही टोपी चढवता आणि तडक भांडगावला, आत्याकडं. दुसऱ्या झटक्यात तुम्ही गेलात, तरी आत्या कौतुकानंच सांगत राहिली, "माझ्या भावानं रस्सा दोनदा मागून घेतला!" आता चिडायचं तरी कुणाकुणावर?

यंदा दादाच्या हृदयात स्टेंट बसवली. पुन्हा तेच लहान पातेलं, तोच दुधी. आणि हा गडी कारेगावला कंपनी सुटली की गेटसमोर तर्रीदार मिसळ हाणतो! मी तिथंच गाठून झापलं. "आबांचं काय झालं, विसरलास?"

"न्हाई विसरलो. पर घरी मी पेशंट हाय गं. हितं पोरं म्हणत्यात, सरका दादा, आमाला बी बसू द्या."

आबा, एवढं साधं वाक्य तुम्ही मला का नाही सुनावलंत? की सुनावलंत, आणि मी बोलत होते?

मागच्या रविवारी मी वहिनींना ठणकावलं, वेगळं पातेलं बंद. सगळ्यांना एकच भाजी, कमी मिठाची, कमी तेलाची. दादा पोरांच्या मधोमध बसला, थट्टा करत भाकरी मोडू लागला. आणि पहिल्याच घासाला मीठ कुणी मागितलं? त्यानं नाही. मी. वहिनींचा हात बरणीकडं गेला आणि दादाचा घास हातातच थांबला.

हे पत्र तुम्हाला पोहोचायचं नाही, आणि वहिनींना दाखवायची मला लाज वाटते. तेव्हा त्यांना तोंडानंच सांगेन: वहिनी, येत्या रविवारी मी कितीही ओरडले तरी मिठाची बरणी पंगतीत आणू नका.