सोळाशे वाक्यं

सोमवार, ९ सप्टेंबर

पुन्हा अडकला कॉम्प्युटर! पान दोनशे बारा, वाक्य अर्धं, आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजलेला. डब्याच्या आतून टक्... टक्... टक्. लाल दिवा पेटला तो पेटलाच. बटण दाबून मारला, पुन्हा उठवला. उठायला बारा मिनिटं! तेवढ्यात माणूस अंघोळ करून येईल.

जुलैत असाच अडकत होता तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं — जागा संपली, डिस्क भरली! जुने फोटो, लोकांचे दहा वर्षांपूर्वीचे प्रबंध, दिसेल ते काढून टाकलं. थोडे दिवस बरा चालला. आता पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. प्रबंध टाइप करून पोट भरणारीनं मशीन बसलं की करायचं काय?

दादानं पाटीवर लिहिलं, "त्याला पेन्शन दे." स्वतः निवृत्त झाल्यापासून त्याला सगळ्यांनाच घरी बसवायचं असतं.

बुधवार, ११ सप्टेंबर

हॉस्पिटलमधल्या स्पीच-थेरपीवाल्या बाईंचा फोन. दादाचा नंबर लागला!! महिनाअखेरपर्यंत रेकॉर्डिंग पाठवा म्हणाल्या.

एकतीस वर्षं माझ्या भावानं बसस्टँडवर घोषणा केल्या. रस्त्यात त्याला चेहऱ्यानं कोणी ओळखत नसे, पण तोंड उघडलं की लोक वळून बघायचे. मार्चमध्ये ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. त्याआधी तीन आठवडे तो माझ्या या मशीनपुढे बसून वाक्यं वाचत होता. बाईंनी यादीच दिली होती. "पाणी दे." "दार लावून घे." "आज बरं वाटतंय." सोळाशे वाक्यं! त्यातून असं काही बनवतात म्हणे, की तो टाइप करेल आणि त्याच्याच आवाजात ऐकू येईल.

सहा महिने या घरात फक्त माझा आवाज आहे. मला त्याचा वीट आलाय. भांडायलासुद्धा मजा नाही — मी दहा वाक्यं बोलून मोकळी, आणि तो अजून पहिलंच लिहितोय.

दादाला बातमी सांगितली. वाटलं होतं, उडी मारेल. पाटीवर "बघू" लिहिलं आणि कुंड्यांना पाणी घालायला गेला. घाबरला असेल. आशा धरायची सवय मोडलीये त्याची.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

'आवाज' नावाचं फोल्डर उघडायच्या आधीच मशीन थिजतं. दोनदा झालं. डबा उघडून धूळ काढली, वायरी काढून परत घट्ट बसवल्या. काही फरक नाही. शेवटी डिस्क तपासायचा प्रोग्राम लावला.

शनिवार, १४ सप्टेंबर

कालपासून अकरा टक्के. अकराच!

दादा शेजारी खुर्ची ओढून बसला. "सोड ना," त्यानं लिहिलं. मी वसकन अंगावर गेले — "तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं!" तो उठून गेला. मग मला खूप वाईट वाटलं. पण माफी कुठे मागितली!

रविवार, १५ सप्टेंबर

उगाच जीव टाकतेय मी. सगळ्याची प्रत 'डी' ड्राइव्हमध्ये आहे! गेली नऊ वर्षं एकही रविवार चुकवलेला नाही — 'डी'मधलं जुनं सगळं पुसायचं आणि 'सी'मधलं नवं तिथे चिकटवायचं. चादरी बदलतात तसं. 'सी' मेला तर 'डी' आहे. दुरुस्तीवाल्याकडे नेऊन नुसतं काढून घ्यायचं.

आजची प्रत मात्र राहिली. मशीन उठलंच नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर

दुरुस्तीवाले आधी घड्याळं दुरुस्त करायचे. अजून डोळ्याला भिंग लावूनच डबा उघडतात. डिस्क कानाशी धरली आणि विचारलं, "तपासणी लावली होती का?"

"दीड दिवस," मी म्हटलं.

"शाबास. तापानं फणफणलेल्या माणसाला पळायला लावलंत."

मी ऐटीत म्हटलं, काळजी नाही, 'डी'मध्ये प्रत आहे. त्यांनी डिस्क खाली ठेवली. मग मऊ आवाजात म्हणाले, "ताई, आत डिस्क एकच आहे. सी आणि डी हे एकाच कपाटातले दोन खण. कपाट जळलं तर...?"

नऊ वर्षं! चारशेच्या वर रविवार! आणि एकदाही कोणाला विचारलं नाही. शहाणी ना मी!

ते म्हणाले, आठवडाभर डिस्क हळूहळू वाचतो, जेवढं निघेल तेवढं काढतो. देव करो आणि निघो.

बुधवार, १८ सप्टेंबर

जेवण गेलं नाही. दादानं पाटी पुढे केली, "काय झालं?" म्हटलं, डोकं दुखतंय. तो माझ्यासाठी गोळी शोधत बसला, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

शनिवार, २१ सप्टेंबर

आज स्वयंपाकघरात असताना वाटलं की त्यानं बाहेरच्या खोलीतून हाक मारली. "चिमे!" हातातलं तसंच टाकून धावले. तो पेपर वाचत होता.

किती बावळट असावं माणसानं.

सोमवार, २३ सप्टेंबर

डिस्क वाचली! दोनशे बारा पानं आली, जुनी पत्रं आली, नको असलेला कचरासुद्धा आला. 'आवाज' फोल्डरही आलं.

रिकामं.

दुरुस्तीवाल्यांना म्हटलं, नीट बघा. त्यांनी भिंग काढलं. "हे डिस्कनं खाल्लेलं नाही, ताई. हातानं पुसलंय. चौदा जुलैला." मी विचारलं, पुसलेलं परत येत नाही का? येतं म्हणाले, त्याच जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर येतं. "पण तुम्ही तेव्हापासून रोज टाइप करताय. आणि दर रविवारी भाराभर नवं आणून ओतताय." 'डी'मधली प्रत? ती तर मी त्याच दिवशी पुसली — चौदा जुलै रविवारच होता. जुनं पुसलं, नवं चिकटवलं. नव्यात ते फोल्डर रिकामंच आलं, आणि मी आत डोकावून पाहिलंही नाही.

जुलै. ती माझी साफसफाई! दिसेल ते काढून टाकत सुटले होते. त्यातच हेही गेलं असणार. माझ्याच हातानं. माझ्या भावाचा आवाज मी केरात काढला, आणि त्या मोकळ्या जागेवर कोणाच्या तरी प्रबंधाचं चौथं प्रकरण टाइप केलं.

घरी येताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आले. बाईंना फोन करायचाय. आधी दादाला सांगायचंय. आज तोंड उघडलं नाही. उद्या.

मंगळवार, २४ सप्टेंबर

सांगितलं. सगळं. सी, डी, जुलै, रिकामं फोल्डर. म्हटलं, मीच पुसलं रे दादा, मला माफ कर. त्यानं मान हलवली, पाटी मांडीवर घेतली आणि कितीतरी वेळ लिहीत बसला. मग माझ्याकडे वळवली —

"तू नाही, मी पुसलं. तू त्या मशीनपुढे बसून रडत होतीस. जागा नाही, जागा नाही म्हणत होतीस. सगळ्यात जास्त जागा माझीच होती."