घरचे आजोबा चालत नाहीत

सोमवार, ७ जुलै

रिजेक्ट! सरळ रिजेक्ट! शाळेने इंटरनॅशनल बोर्ड घेतलं आणि आमच्या मागे 'सर्व्हिस' लागली. समाजासाठी काहीतरी करायचं, फोटो लावायचे, वर 'रिफ्लेक्शन' लिहायचं. नाही केलं तर सर्टिफिकेट नाही.

मी लिहिलं होतं – शाळेतून आल्यावर आजोबांना भरवते, चालवते, बोलायचा सराव घेते. सांभाळणाऱ्या ताई चारला जातात, मम्मी सातला येते. मधल्या वेळात आजोबा माझे.

चंद्रशेखर सर या सगळ्याचे को-ऑर्डिनेटर. म्हणाले, "घरचे चालत नाहीत, क्रांती. कम्युनिटी पाहिजे. आणि यात ग्लोबल काय आहे?"

मी म्हटलं, "लकवा जगभर होतो, सर."

वर्ग हसला. सर नाही हसले.

गुरुवार, १० जुलै

"आ म्हणा, आजोबा. आ." तोंड फिरवतात. जयंतीच्या सभेत ज्यांच्या हातून माइक काढून घ्यावा लागायचा, तो माणूस! एप्रिलमध्ये लकवा झाल्यापासून एक शब्द नाही. माझं नाव त्यांनीच ठेवलं, सगळ्यांशी भांडून. मम्मीला अक्षता हवं होतं. एकदा तरी हाक मारा ना! रागाने रडूच आलं मला.

रविवार, १३ जुलै

सबिहाचं डोकं म्हणजे डोकं! माझ्याच वर्गात, आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. तिची खुर्शीद नानी गुडघ्यांमुळे पलंगावरच असते. तिचाही अर्ज रिजेक्ट. म्हणाली, "तुझे आजोबा मी घेते, माझी नानी तू घे. मग आपण दोघी कम्युनिटी!"

मम्मी म्हणाली, "म्हातारी माणसं म्हणजे काय डब्यातली भाजी आहे का गं, अदलाबदल करायला?"

पण दुसरं कुणाला काही सुचत नाहीये.

गुरुवार, १७ जुलै

मंजूर! वर शाबासकी! "इंटरकल्चरल अंडरस्टँडिंग! एक्सलंट!" बौद्ध मुलगी मुस्लिम नानीकडे, मुस्लिम मुलगी बौद्ध आजोबांकडे – सरांना जागतिक शांतताच दिसायला लागली. तेच आजोबा, तीच पेज, तोच चमचा! मी भरवली तर शून्य, सबिहाने भरवली तर ग्लोबल.

आता शाळेच्या माहितीपत्रकात फोटो हवाय. "नानींनी बुरखा घातला तर छान दिसेल." नानी जन्मभर साडी नेसते! तिला सांगितलं, तर म्हणाली, "त्या मास्तरलाच घालूक सांग."

मंगळवार, २२ जुलै

शाळेतून थेट तिसरा मजला. नानीला पेपर वाचून दाखवते. दुसऱ्या बातमीला ती घोरायला लागते. मी पुढचं स्वतःशीच वाचते.

सबिहा वैतागलीय. "तुझे आजोबा लय चिडके आहेत यार. सारखा दाराकडे हात करतात. दार लावलं की अजूनच चिडतात. आज चमचा फेकला."

ऐकून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं! माझ्यावर कधी नाही फेकला. जिना उतरेपर्यंत मात्र वाईट वाटायला लागलं.

रात्री रिफ्लेक्शन. 'या अनुभवातून तुम्हाला जगाविषयी काय कळलं?' लिहिलं – तिसऱ्या मजल्यावर पाणी कमी दाबाने येतं.

शुक्रवार, २५ जुलै

रिफ्लेक्शन परत आलं. 'अजून खोल विचार कर.' शिवाय सर्व्हिसचे तास कमी पडतायत, म्हणजे अजून दोन आठवडे नानी. नानीच म्हणाली, "का गो, तोंड का पाडलंस?" काय सांगू! आजोबांना मी आता फक्त झोपताना बघते.

मंगळवार, २९ जुलै

नानीकडे होते. सबिहा जिन्याने धावत वर आली. "आजोबा बोलले!"

काय?

"तुझं नाव. दाराकडे हात करून. नीट नाही – क्राती, क्राती – पण तुझंच. फोटो काढायचा राहिला गं!"

रोज चारला मी त्या दारातून आत यायचे. ते दाखवत राहिले आणि सबिहा दार लावत राहिली. मी वर पेपर वाचत होते.