न विचारता लिहिलेला अर्ज

नागपूर, ता. ११ जानेवारी १९३८

ती. सौ. अक्कास धाकट्या इंद्रभानाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पाकिटाला तिकीट लावलं आहे, तेव्हा भाऊजींनी टपालवाल्याशी भांडू नये. हॉकी म्हणजे नेमकं काय, असं तू मागे विचारलं होतंस. वाकड्या काठ्या घेतलेले बावीस जण एका चेंडूमागे धावतात आणि चेंडू सोडून एकमेकांच्या नडग्या फोडतात, त्याला हॉकी म्हणतात. तुझा भाऊ यात नामांकित आहे.

तर गेल्या शनिवारी आमचा उपांत्य सामना झाला. शेवटच्या मिनिटाला मी गोल मारला. पंच होते दुसऱ्या कॉलेजातले गणिताचे प्रोफेसर. त्यांनी तो नाकारला. पुढे जादा वेळेत आमचा कप्तान सईद याने दुसरा गोल केला म्हणून जिंकलो, पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. सगळ्यांच्या देखत मी बोललो की असा पंच सायकलीसकट विहिरीत टाकला पाहिजे. मग चहापान झालं. प्रोफेसरसाहेब चहा पिऊन बाहेर येतात तो सायकल नाही! शोधता शोधता ती कॉलेजच्या बागेतल्या विहिरीत निघाली. पंच तेवढे कोरडे राहिले.

बागेच्या माळ्याने निळा सदरा घातलेला कुणी मुलगा सायकल ढकलत नेताना पाठमोरा पाहिला. निळा सदरा आमच्या संघाचा. सोमवारी प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला बोलावलं. संघातून काढल्याचा हुकूम टेबलावर आधीच लिहून ठेवलेला होता, मी फक्त तो घ्यायचा होता. आता २९ तारखेला तीन प्रोफेसरांची कमिटी बसेल आणि माझं नाव कॉलेजातून काढायचं का ते ठरवील. बी. ए. ची परीक्षा मार्चात. नाव गेलं की शिष्यवृत्ती गेली, चार वर्षं गेली, आणि असा दाखला घेऊन आलेल्याला दुसरं कुठलं कॉलेज दारात उभं करत नाही. बाबांना मलकापूरला कॉलेजचं पत्र गेलं आहे. त्यांना तेवढं सांभाळ.

बाळीला दोन्ही गाली पापा. सध्या मला नेहमीपेक्षा थोडा जास्त लोभ लागणार आहे, तेवढा उलट टपालाने धाड.

तुझा,
इंद्रभान


मलकापूर, ता. १४ जानेवारी १९३८

चि. इंद्रभान यास महादेवराव यांचे अनेक आशीर्वाद. येथील क्षेम, तुझे कळवीत जावे. विशेष.

कॉलेजचे पत्र परवा पावले. तुझी माय त्या दिवसापासून धड जेवली नाही. परंतु घाबरण्याचे काही एक कारण नाही. बावीस वर्षे तहसिलीच्या आवारात निंबाखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहितो आहे. साहेबापुढे खरेखोटे करीत बसणारा मनुष्य मार खातो आणि आधी हात जोडणारा सुटतो, हा माझा पक्का अनुभव आहे. सबब पत्र वाचले त्याच दिवशी प्रिन्सिपॉलसाहेबांचे नावे माफीचा अर्ज लिहून रजिस्टर टपालाने रवाना केला.

अर्ज फारच उत्तम साधला. ‘अर्जदाराच्या अजाण मुलाचे हातून जो अपराध घडला तो मायबापांनी पोटात घालून गरिबाचे लेकरू पदरात घ्यावे’ हे वाक्य मी कारकून वामनरावांना वाचून दाखविले. ते म्हणाले की दगडालाही पाझर फुटेल. आता तूही जाऊन साहेबांचे पाय धरावे आणि वर तोंड करून काही बोलू नये.

तिळगूळ पाठविला आहे. घ्यावा आणि निदान साहेबांशी तरी गोड बोलावे. कृपा आहेच, ती टिकेल असे वागावे.

महादेवराव


धाड, ता. १६ जानेवारी १९३८

चि. इंद्रभानाले अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुहं पत्र पोचलं. तुहे भाऊजी सायकलीचं वाचून इतके हसले की त्याईले ठसका लागला. मी काही हसली नाही. म्हणजे थोडी हसली. काल बाजारात शाहजादी बांगडीवाली विचारत होती की भाऊ शिकून साहेब झाला का. म्हटलं होऊन राह्यला, जराशी सायकल आडवी आली हाय.

बाबाचंबी कार्ड आलं. अर्ज कसा झकास लिहिला, एवढंच त्यात. मी ते दोनदा वाचलं. तू काय म्हणतो ते त्यात कुठंच नाही. मग तुहं पत्र पुन्हा काढलं, तर त्यातबी नाही! नडग्या लिहिल्या, चहा लिहिला, माळी लिहिला, पण केलं का नाही केलं ते लिहिलं नाही. काऊन बे?

माह्या भावानं केलंच नसन, असं मी म्हणत नाही. मी तुले चांगली ओळखते. मास्तरची पगडी म्हशीच्या शिंगाले कोणं बांधली होती? तूच. पण मायनं विचारलं तवा तू तोंडावर हाव म्हणला होता आणि मार खाल्ला होता. म्हणून आता मी विचारून राह्यली. शपथ घेऊ नको, देवाले मधात आणू नको. नुसतं सांग. केलं असन तरी मी तुही बहीण हाय, नसन केलं तरी हाय. पण पुढं कोणासंगं भांडायचं ते मले समजलं पाहिजे, तुह्यासंगं का त्याईच्यासंगं.

बाळी रोज विचारते, मामाची सायकल वाळली का. हसू का रडू समजत नाही बापा. लोभाचं म्हणशील तर तो पाठवायले तिकीट लागत नाही, तू फक्त उत्तर लौकर दे.

तुही,
अक्का


नागपूर, ता. १९ जानेवारी १९३८

ती. सौ. अक्कास साष्टांग नमस्कार वि. वि.

दहा दिवसांत मला हा प्रश्न विचारणारी तू पहिली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारला नाही, हॉस्टेलच्या सुपरिंटेंडेंटांनी विचारला नाही. खानावळीत माझ्या पाटाच्या दोन्ही बाजूंचे पाट आता रिकामे असतात, त्या मित्रांनीही विचारला नाही. एकटा सईद येऊन बसतो. तो म्हणतो की कुणी डोळ्यांनी पाहिलं नाही तोवर त्याच्या संघात मी आहेच. पण हुकमापुढे त्याचं काय चालणार?

तर ऐक. सायकल मी विहिरीत टाकली नाही. पण हवा मी सोडली. दोन्ही चाकांची. चहाला जायच्या आधी, रागाच्या भरात. मग आत जाऊन भजी खाल्ली. बाहेर आलो तेव्हा सायकल नव्हती. कुणी नेली ते मला खरोखर ठाऊक नाही. हवेचं कबूल केलं तर विहीरही माझ्याच गळ्यात पडेल, या भीतीने गप्प बसलो, आणि तुलाही लिहिलं नाही. ते चुकलंच.

सोमवारी धीर करून प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेलो आणि सायकल मी टाकली नाही असं सांगितलं. हवेचं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी खणातून बाबांचा अर्ज काढून पुढे ठेवला. म्हणाले की वडिलांनी अपराध लेखी कबूल केला आहे, आणि आता मुलगा बापाला खोटं पाडतो आहे. कमिटीपुढे हाच कागद ठेवणार आहेत. बाबांचं अक्षर किती सुंदर आहे ग! एक खाडाखोड नाही.

मला बाबांचा राग येत नाही, वाईट वाटतं. निंबाखाली आलेल्या अनोळखी माणसाला ते नाव विचारतात, गाव विचारतात. मला त्यांनी एवढंही विचारलं नाही. त्यांना वाटलं मीच केलं असणार. शनिवारी अंतिम सामना आहे, तो मी कुंपणाबाहेरून बघेन. बाळीला सांग, सायकल वाळली, मामा अजून ओला आहे.

तुझ्याखेरीज सध्या कुणाचा आधार नाही, तो काढून घेऊ नकोस.

इंद्रभान


धाड, ता. २२ जानेवारी १९३८

ती. बाबाच्या पायावर विमलचा दंडवत. मायले नमस्कार.

इकडे सगळे खुशाल हाय. तुमच्या जावयाच्या दुकानात यंदा सरकी चांगली खपली. हे लिहिलं, कारण आधी बरी बातमी लिहावी असं तुम्हीच शिकवलं. आता दुसरी लिहिते. लहान तोंडी मोठा घास होते, पण तुम्ही मले अक्षर शिकवलं त्याच अक्षरात आज तुमच्यावर रागावून राह्यली.

तुमच्या अर्जानं दगडाले पाझर फुटला नाही. तो अर्ज तिथं कबुली झाला हाय. इंद्रभान सांगाले गेला तर तुमचाच कागद त्याच्या तोंडावर ठेवला. २९ तारखेले कमिटी तोच कागद पाहून त्याचं नाव काढन. बाबा, माफी मागणं म्हणजे तुमच्या लेखी दारात चपला काढणं हाय. आधी काढायच्या, मग घरात कोण हाय ते पाह्यचं. पण तुमच्या पोराची परीक्षा दीड महिन्यावर आली हाय आणि तुम्ही त्याले एका शब्दानं विचारलं नाही.

त्यानं काय केलं, काय नाही, ते मले माहीत हाय. पण मी सांगणार नाही. ते तुम्ही त्याच्याच तोंडून ऐका. नागपूरले जा. आधी त्याले विचारा, मग तुमचा अर्ज मागं घ्या. दिलेला अर्ज तुम्ही जन्मात मागं घेतला नसन, ते मले समजते. तरी जा. गाडीभाडं नसन तर तुमचे जावई देतात म्हणतात, आणि लाजू नका म्हणतात.

मायले म्हणा जेव. उपाशी राहून सायकल निघत नाही. राग येईन तर येऊ द्या, पण लेकीवरचा जीव कमी करू नका.

तुमची,
विमल


नागपूर, ता. ३१ जानेवारी १९३८

ती. सौ. अक्कास साष्टांग, आणि पुन्हा एकदा साष्टांग.

बाबांना तू काय लिहिलंस? शुक्रवारी सकाळी मेलने उतरले. हातात मायने दिलेलं भाकरी-ठेच्याचं गाठोडं, काखेत लिहिण्याची पेटी. मी पाया पडायला वाकलो तर खांद्याला धरून उभं केलं आणि तिथेच हमालांच्या गर्दीत विचारलं की केलंस का. अक्का, बावीस वर्षांचा घोडा, स्टेशनावर रडलो. मग सगळं सांगितलं, हवेसकट. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले चल, खोलीवर कागद आहे का.

नवा अर्ज लिहायला त्यांना दुपार झाली. पाच कागद फाडले. हात आपोआप ‘मायबाप’ लिहायचा आणि ते स्वतःवरच चिडायचे. शेवटी एवढाच राहिला: ‘पहिला अर्ज मी मुलास न विचारता लिहिला, तो परत घेतो. चाकांतील हवा त्याने सोडली, त्याबद्दल तो व मी माफी मागतो. सायकल विहिरीत टाकल्याबद्दल माफी मागत नाही, कारण ते आपण केले नाही असे तो सांगतो आणि त्याने केले असे पाहिलेला मनुष्य नाही.’

शनिवारी कमिटीपुढे बाबा माझ्या शेजारी उभे राहिले. प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं की तेव्हाचं खरं की आताचं. बाबा म्हणाले की तेव्हा मला ठाऊकच नव्हतं, म्हणून तर इतकं छान लिहिता आलं. मग त्यांनी फार नम्रपणे माळ्याला विचारायची परवानगी मागितली. माळी म्हणाला की तोंड पाहिलं नाही, नुसता निळा सदरा पाहिला. बाबांनी विचारलं, असे सदरे किती. सईद बाहेर उभा होता, त्याला बोलावलं. त्याने सांगितलं की अकरा खेळाडूंचे आणि तीन राखीव, मिळून चौदा. बाबांनी पुन्हा हात जोडून विचारलं की मग नाव एकच कसं निघालं. तेव्हा तक्रारदार म्हणून आलेले गणिताचे प्रोफेसरच बोलले. आपली सायकल विहिरीत गेली म्हणून ते आधीच कावलेले होते, तरी म्हणाले की चौदातून एक काढायला जी रीत लागते ती इथे कुणी केलेली दिसत नाही, आपण स्वतःही केली नाही.

नाव राहिलं, अक्का! परीक्षेला बसतो आहे. हवेबद्दल शिक्षा झाली. पंधरा दिवस रोज सकाळी प्रोफेसरसाहेबांच्या घरी जाऊन सायकलीत हवा भरायची. आज पहिला दिवस होता. त्यांच्या घरच्यांनी पोहे दिले. सायकल कुणी टाकली ते अजून कळलं नाही, आणि खानावळीतला एक पाट अजून रिकामाच असतो. अंतिम सामना मात्र आम्ही दोन-एकने हरलो. माझ्यावाचून हरले म्हणून आधी बरं वाटलं, मग सईदचं तोंड पाहिलं आणि लाज वाटली.

तू विचारलं नसतंस तर माझं काय झालं असतं? तुझं ऋण मानतो. बाळीला सांग, मामा वाळला.

तुझाच,
इंद्रभान


मलकापूर, ता. ७ फेब्रुवारी १९३८

चि. इंद्रभान यास आशीर्वाद. येथील क्षेम. तुझी माय आता दोन भाकरी खाते.

अभ्यास नीट करावा. प्रोफेसरसाहेबांकडे रोज वेळेवर जावे, आणि एखादे दिवशी पोहे न मिळाले तरी हवा पूर्ण भरावी.

एक गोष्ट लिहावयाची आहे. ती विमललाही कळव, मला दोनदा लिहवणार नाही. काल धामणगाव बढ्याचा युसूफ पिंजारी निंबाखाली आला. सरकारी जमिनीतली बाभूळ तोडल्याचा त्याच्यावर आळ आहे. बसला, आणि सवयीने म्हणाला की नेहमीचा माफीचा अर्ज लिहून द्या. मी दौत उघडली, कागद घेतला, आणि मग त्याला विचारले की तू बाभूळ तोडलीस का. तो माझ्याकडे पाहतच राहिला. प्रश्न समजला नाही की काय असे वाटून मी पुन्हा विचारले. तेव्हा तो म्हणाला की नाही तोडली.

मग खाली मान घालून म्हणाला की गेल्या सालीही तोडली नव्हती.

गेल्या सालचा त्याचा अर्ज मीच लिहिला होता. मी विचारले की अरे, मग तेव्हा बोलला का नाहीस. तो म्हणाला की तुम्ही विचारले नाही, आणि तुम्ही इतके भराभर लिहीत होता की मला वाटले हेच लिहावे लागत असेल. तो कागद तहसिलीत आहे. ‘हातून अपराध घडला’ हे त्यात माझ्याच अक्षरात आहे. यंदा बाभूळ पडलेली दिसली तेव्हा जंगलाचा शिपाई दुसऱ्या कुणाकडे गेलाच नाही. एकदा कबूल केलेला मनुष्य म्हणून थेट युसूफच्या दारी गेला.

बावीस वर्षांत मी असे किती लिहिले असतील, बाळा? मला आकडा सांगता येत नाही. तुझ्याबद्दल जे वाईट वाटले त्याहून हे जास्त वाटते, हे तुला लिहिताना मला संकोच वाटत नाही. उद्या युसूफबरोबर तहसीलदारसाहेबांपुढे मी स्वतः आत जाणार आहे. गेल्या सालचा अर्ज त्याचा नसून माझा होता, असे सांगणार आहे.

उत्तराची वाट पाहतो. आता आशीर्वाद दिला, थोडा तुझ्याकडूनही मिळावा.

तुझा,
बाबा