किल्टचा पट्टा, साइझ चौतीस

६ मे २००६, शनिवार
आश्लेषाच्या लग्नाला सहा आठवडे. नवरामुलगा इयन, घराणं मूळचं स्कॉटिश. त्याचे वडील डंकन म्हणाले, तुमच्या विधींना आम्ही धोतर नेसतो, चर्चमध्ये तुम्ही किल्ट घाला, म्हणजे आमच्या पुरुषांचा चौकड्यांचा, चुण्यांचा घागरा. लगेच हो म्हणालो. लेकीचा हात धरून तिला मीच चालवत नेणार, शेवटी तिचा हात इयनच्या हातात मीच देणार. ऐटीत दिसलं पाहिजे. सुवर्णाला विचारलं नाही. बायकोला सगळंच विचारायचं नसतं.

७ मे
डंकननी माप घेतलं. किल्ट बेंबीवर बांधतात म्हणे. कंबर बेचाळीस! माझी कंबर १९८१ पासून चौतीस आहे, प्रत्येक पँटवर छापलेलं आहे. सुवर्णा म्हणाली, पँट तुम्ही पोटाच्या खाली घालता. तो विषय वेगळा. किल्ट त्यांनी बेचाळीसचा भाड्याने ठरवला. पट्टा मात्र मी ऑनलाइन ऑर्डर केला. काळा, रुंद, बक्कल बशीएवढं. साइझ चौतीस.

१५ मे, सकाळी ७
पट्टा आला. दोन्ही टोकं भेटत नाहीत. मध्ये वीतभर पोट. सुवर्णा म्हणते एक्स्चेंज करा. का म्हणून? पट्टा बरोबर आहे, पोट चुकलंय. आठ इंच, पाच आठवडे. ऑफिसात मी गाड्यांचं वजन कमी करतो, माझं काय घेऊन बसलात. उद्यापासून.

२० मे
जगन्नाथकडे आश्लेषाचं केळवण. बासुंदी. वधूपित्याने नको म्हणणं बरं दिसत नाही.

२१ मे
नंदावहिनींकडे केळवण. त्यांना जगन्नाथकडची बासुंदी कळली होती. दोन वाट्या जास्त.

२८ मे
तिसरं केळवण. लिहायची ताकद नाही.

३ जून
पट्टा परत करायची मुदत काल संपली. बरं झालं. आता माघार नाही. आजपासून फक्त कोबीचं सूप.

९ जून
कोबीने पोट बिघडलं. चार दिवस ऑफिस नाही. पण दोन इंच गेले! माझी पद्धत बरोबर होती.

१६ जून, संध्याकाळी ६
किल्ट आला. घातला. सरकला. किल्ट बेचाळीसचा, मी चाळीसचा. बाजूचे चामडी बंद शेवटच्या भोकात घातले, तरी सैल. पट्टा लावून बघितला, सहा इंच कमी. सुवर्णा पलंगावर बसून हसली, मग तिच्या परकराची नाडी घेऊन आली. मुलीच्या लग्नात बापाने नाडी बांधायची? साफ नकार. डंकनना फोन करून एक पट्टा उसना मागितला. ते म्हणाले, वेस्टकोट असला की पट्टा घालतच नाहीत, ईमेलमध्ये लिहिलं होतं. ईमेल लांबलचक होती.
किल्ट राहील. ताठ चाललं की राहतो. हॉलमध्ये तीन चकरा मारून पाहिलं. कार्पेटवर राहिला.

१७ जून
बॅगपाइप सुरू झाला. दुसऱ्या पावलाला किल्ट सुटला. दोन्ही हातांनी धरला. आशू हळूच म्हणाली, "बाबा, हात दे ना." देता येईना. तिने माझं कोपर धरलं आणि मला चालवत नेलं. पुढे पोचल्यावर ती जरा थांबली, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तिने आपला हात आपणच इयनच्या हातात दिला.
रिसेप्शनला सगळ्यांना सांगितलं, मुलगी म्हणजे काय वस्तू आहे का द्यायला? माझं पहिल्यापासून हेच मत आहे. दोघाचौघांना पटलं. एका बाईंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.
घरी येताना गाडी सुवर्णानेच ड्राइव्ह केली. बसल्यावर किल्ट सरकायचा प्रश्न नव्हता, दोन्ही हात रिकामेच होते. तेव्हा रडू आलं.